साक्षांकित हंस

हंस बघायला जायला कुणाची परवानगी लागत नाही, असं ज्याला वाटतं तो माणूस आमच्या गल्लीत राहत नसणार. मी राहतो. चौतीस वर्षं राहतोय, आणि माझा अनुभव असा की या गल्लीत एकट्यानं शिंकसुद्धा देता येत नाही. तीन घरांतून "अल्लाह रहम करे" येतं आणि चौथ्या घरातून लिंबू.

बेत अगदी साधा होता. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मी आणि माझी बायको दूजा, आमच्या जुन्या गाडीतून इश्केलच्या तळ्यावर जाणार, हंस बघणार आणि परत येणार. सोबत दोन तबूना भाकऱ्या, पाच उकडलेली अंडी, वाटीभर लाल मिरचीचा हरीसा आणि चहाची किटली. अंडी पाच, कारण मी तीन खातो आणि दूजा दोन खाते. या गोष्टीत नंतर जे काही झालं ते या पाच अंड्यांपासून किती लांब गेलं, हे वाचकांनी मनात ठेवावं.

तळं आमच्या घरापासून अठरा किलोमीटरवर आहे. दूजाचा जन्म तळ्याकाठच्या डोंगराच्या पायथ्याशी झाला. पुढं तिथं अभयारण्य झालं, वस्ती उठली, तिचे वडील वारले आणि भाऊ ट्यूनिसला जाऊन नळ दुरुस्त करू लागला. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती मला म्हणाली होती, "एकदा हंस बघायला जाऊ या ना." मी म्हणालो, "जाऊ या की." त्यानंतर मी चौतीस हिवाळे "जाऊ या की" म्हणत आलो. बायकोनं मागितलेली गोष्ट अठरा किलोमीटरवर असली की ती कधीच होत नाही. तिनं इस्तंबूल मागितलं असतं तर मी निदान पैसे तरी साठवले असते.

या जानेवारीत मी नगरपालिकेतून निवृत्त झालो. निवृत्त माणसाच्या बायका याद्या करतात. दूजानं यादी केली नाही. वाटाणे सोलता सोलता, वर न बघता ती एवढंच म्हणाली, "आता तुम्हाला वेळ आहे. या वर्षी तरी हंस दाखवाल?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि विषय मिटला असता. मला लाज वाटली, आणि लाजेच्या भरात मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पाण्यात निखारा पडायच्या आत नेतो. शब्द आहे माझा."

आमच्याकडे जुन्या लोकांचा हिशेब असा आहे: वीस फेब्रुवारीला हवेत निखारा पडतो, सत्तावीसला पाण्यात आणि सहा मार्चला मातीत. मग थंडी संपते. पाण्यात निखारा पडला की हंसांचे पाय पोळतात आणि ते उत्तरेकडे आपल्या देशी निघून जातात. शास्त्रज्ञ काही वेगळं सांगतात म्हणे. मी निखाऱ्यावर विश्वास ठेवतो, कारण निखाऱ्याला निदान तारीख आहे. सत्तावीस तारीख मंगळवारी येत होती आणि आमचा रविवार होता पंचवीस. म्हणजे हातात एकच रविवार होता, आणि तो हुकला की पुन्हा वर्षभर "जाऊ या की."

माझी पहिली चूक म्हणजे मी तयारी केली. जुन्या कपड्यांच्या बाजारात एक दुर्बीण मिळाली. तिच्या उजव्या डोळ्यातून उत्तम दिसतं आणि डाव्यातून बाराही महिने धुकं. शिवाय पक्ष्यांचं एक चित्रमय पुस्तक घेतलं. दुसरी चूक, ते पुस्तक मी घराच्या उंबऱ्यावर बसून वाचू लागलो. आमच्या गल्लीत उंबऱ्यावर उघडलेली वस्तू सार्वजनिक समजली जाते.

समोरच्या लल्ला झकियानं (आमच्याकडे मानानं बाईला लल्ला म्हणतात आणि पुरुषाला सी) आधी दुर्बीण पाहिली. पाच मिनिटांत तिच्या खिडकीला नवा पडदा लागला. मग ती स्वतः आली, मागून तिची सून इब्तिसाम चाळणी परत करायला आली. इब्तिसामला तिसरा महिना होता. लग्नानंतर सहा वर्षांनी घरात ही बातमी आली होती, त्यामुळे झकिया सुनेला काचेच्या बरणीसारखी वागवत होती. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला झकियाचा राग येईल. मलाही आला होता.

पुस्तकात कलहंसाचं पानभर चित्र होतं. चांगला जाडजूड, करड्या रंगाचा, नारिंगी चोचीचा. इब्तिसाम वाकून बघत म्हणाली, "अगंबाई, किती गुबगुबीत आहे! याचं मटण कसं लागत असेल हो?" आणि असं म्हणता म्हणता तिनं गाल खाजवला.



"हात काढ!" झकिया किंचाळली. "गालावरचा हात काढ, मेले!"

आमच्याकडे लहान पोराला विचारलं तरी तो सांगेल. गरोदर बाईला एखाद्या गोष्टीचे डोहाळे लागले, ते पुरवले नाहीत आणि त्या क्षणी तिनं अंगाला जिथं हात लावला असेल, बाळाच्या अंगावर नेमक्या त्या जागी त्या वस्तूचा डाग उठतो. माझ्या चुलतभावाच्या खांद्यावर डाळिंब आहे. पोस्टातल्या एका बाईच्या मानेवर मासा आहे, शेपटीसकट. आणि आता झकियाचा पहिला नातू गालावर हंस घेऊन जन्माला येणार होता.

"मुलगी झाली तर लग्न कसं जमायचं तिचं?" झकिया भिंतीला टेकून खालीच बसली. "सी नाजी, हे तुमच्या पुस्तकामुळं झालं. आता हंस खाऊ घाला तिला."

"अहो लल्ला, अभयारण्य आहे ते! तिथं पिसाला हात लावला तरी तुरुंग आहे."

"म्हणजे माझ्या नातवाच्या तोंडापेक्षा तुम्हाला कायदा मोठा?"

एकतीस वर्षं नगरपालिकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. उत्तर "हो" असतं आणि ते देता येत नाही. शेवटी दूजा बाहेर आली. ओढणीला हात पुसत शांतपणे म्हणाली, "माझी आई सांगायची, खाणं हाताशी नसेल तर पोटभर बघितलं तरी भागतं. नजरेनं पुरवलेले डोहाळेही डोहाळेच. रविवारी आम्ही हंस बघायला चाललोय. हिलाही घेऊन जाऊ."

आता इथं थांबून हिशेब करा. मी, दूजा, इब्तिसाम, तिला सोडून न राहणारी झकिया आणि दोघींना सोडून न राहू शकणारा झकियाचा मुलगा रियाद. झाले पाच. वनखात्याचा नियम असा की पाचपर्यंत माणसं असली तर फाटकावरच्या वहीत नावं लिहून आत जाता येतं. सहावा माणूस आला की तो गट होतो आणि गटाला परवाना लागतो. पाचावर थांबलो म्हणून मी देवाचे आभार मानले.

ते मनात मानायला हवे होते. मोठ्यानं मानले आणि झकियानं विचारलं, "सुईण नको सोबत?" तिसऱ्या महिन्यात सुईण कशाला, हे मी विचारलं नाही, पुरुषानं विचारायचे प्रश्न नसतात ते. सुईण आली म्हणजे सुईणीचा नवरा आला, कारण तो तिच्यावर बारीक लक्ष ठेवतो. झकियाची बहीण आली, कारण तिला नंतर कळलं असतं तर ईदपर्यंत अबोला झाला असता. बहिणीच्या तीन मुली आल्या, कारण त्यांनी कधी हंस पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण माझ्याबद्दल कुणाला काही वाटत नव्हतं. आम्ही झालो अकरा.

अकरा माणसांचा गट, गटाला प्रमुख, प्रमुखाचा अर्ज, अर्जासोबत अकरा ओळखपत्रांच्या साक्षांकित प्रती, आणि अर्जावरची सही नगरपालिकेत साक्षांकित केलेली. हे ऐकून मी वनखात्याच्या कारकुनासमोर चक्क हसलो. कारण सह्या आणि प्रती साक्षांकित करणं हेच माझं आयुष्य होतं. दोन नंबरची खिडकी, एकतीस वर्षं. या गावातलं एकही लग्न, घटस्फोट, गाढवाची विक्री माझ्या शिक्क्याशिवाय झालेली नाही.

खिडकीत आता मुइझ बसतो. सात वर्षं माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा.

"मुइझ बाळा, एवढ्यावर शिक्के मार बघू पटकन."

"टोकन, सी नाजी."

"मला टोकन?"

"यंत्र तुम्हीच बसवून घेतलंत ना."

माझं टोकन चौसष्ट होतं आणि आत सतरा नंबर चालू होता. दोन तासांनी मी खिडकीशी पोचलो, तर तो म्हणाला, "सही माझ्या समोर करायची असते. तुम्ही घरून करून आणलीत."

"अरे, सात वर्षं रोज बघतोयस माझी सही!"

"म्हणून तर म्हणतो. आज जरा थरथरलेली वाटते." आणि त्यानं बोट करून भिंतीवरचा पुठ्ठा दाखवला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: ओळखीच्या माणसाला सवलत म्हणजे अनोळखी माणसाचा अपमान. अक्षर माझंच होतं. खाली तारीखही होती.

पुढं झेरॉक्स एका बाजूचीच निघाली होती म्हणून एक खेप झाली. सुईणीच्या नवऱ्याच्या फोटोतला माणूस मिशीवाला होता आणि प्रत्यक्षातला नव्हता म्हणून दुसरी. त्या खिडकीच्या या बाजूला मी जन्मात पहिल्यांदा उभा होतो. या बाजूनं ती फार उंच वाटते. गुडघे धरून उभ्या राहिलेल्या किती म्हाताऱ्यांना मी "मागची बाजूही आणा" म्हणून परत पाठवलं असेल, ते आठवलं आणि माझी मान आपोआप खाली गेली. तिसऱ्या खेपेला मी मुइझला शिव्या द्यायच्या ठरवून गेलो होतो, पण "मेहेरबानी झाली" म्हणून परत आलो.

अर्जात "गटप्रमुखाची पात्रता" असा रकाना होता. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी लिहिलं: पक्षी-अभ्यासक.

या सगळ्यात दूजाचं काय चाललं होतं, ते माझ्या जरा उशिराच लक्षात आलं. अकरा माणसं म्हटल्यावर पाच अंड्यांनी काय होणार? झकियाची बहीण पाहुणी, तिच्यापुढं अंडी ठेवणार का? म्हणजे वाफवलेल्या रव्याचं कुसकुस आलं. कुसकुस म्हणजे मटण आलं, चणे भिजवणं आलं, भोपळा आला. शनिवारी सकाळी मी उठलो तेव्हा दूजा भाज्या चिरत होती आणि रात्री झोपायची तयारी करत होतो तेव्हा खजुराच्या मकरूदच्या वड्या तळत होती. कंबर दाबत ती एवढंच म्हणाली, "उद्या हवा चांगली असू दे." मी दुर्बिणीची काच पुसत बसलो होतो. उजवी.

रविवारी रियादच्या चीज वाहायच्या पिकअपमध्ये सात जण आणि कुसकुसचं मोठं पातेलं, आणि आमच्या गाडीत चार जण आणि कोळशाची शेगडी, अशी आमची वरात निघाली. इब्तिसामचे दोन्ही हात झकियानं ओढणीनं बांधून आपल्या मांडीवर घेतले होते. वाटेत हंस दिसला, पोरीला नको तिथं खाज सुटली, तर? पोरगी बिचारी अठरा किलोमीटर "नाक खाजतंय, नाक खाजतंय" म्हणत आली, आणि झकिया स्वतःच्या बोटानं तिचं नाक खाजवत राहिली.

फाटकावर हसूना नावाचा पहारेकरी होता. सडसडीत, वयस्कर, आवाज अजिबात न चढवणारा. त्यानं परवाना वाचला.

"गटप्रमुख, सी नाजी, पक्षी-अभ्यासक. वा! मग त्या खांबावर कोण बसलंय ते सांगा की."

मी बघितलं. पक्षी होता, एवढं नक्की. "पुस्तकात तो डावीकडे तोंड करून बसतो," मी म्हणालो.

हसूना हसला नाही. त्यामुळं जास्त लागलं. मग त्यानं सामान बघायला सुरुवात केली, आणि झकियाच्या पिशवीतून एक पोतं काढलं.

"हे कशाला?"

"पाव ठेवायला," झकिया म्हणाली.

"आणि ही सुरी?"

"पाव कापायला."

"आणि दोरी?" हसूनानं दोरी उचलून धरली. "पाव पळून जाऊ नये म्हणून?"

झकियाचा चेहरा पडला. नजरेनं डोहाळे भागतात हे तिनं मान्य केलं होतं, पण पूर्ण मान्य केलं नव्हतं. "सहा वर्षं वाट बघितली हो," ती हसूनाला म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. "एखादा म्हातारा, लंगडा हंस मिळाला असता तर... दोन घास फक्त." हसूनानं सुरी, पोतं, दोरी टेबलावर ठेवली आणि तिला पाणी दिलं. भला माणूस होता. पण भला माणूससुद्धा सरकारी नोकर असला की कागद हा लागतोच.

"सगळे जा आत. गटप्रमुख थांबतील. परवान्यावर सही त्यांची आहे, साक्षांकित. जबाब लिहून द्यावा लागेल."

म्हणून मी पहारेकऱ्याच्या खोलीत जबाब लिहीत बसलो, आणि बाकीची मंडळी दलदलीकाठच्या, आडोशाला बसून पक्षी बघायच्या लपणीकडे गेली. दूजा गेली नाही. चूल पेटवायला परवानगी असलेली जागा खोलीच्या मागं, झुडपांच्या आड होती आणि तिथून तळ्याचा थेंबही दिसत नव्हता. मी खिडकीतून ओरडलो, "अगं, तू जा त्यांच्याबरोबर!"

"कुसकुस वाफेवर ठेवलंय. सोडून गेले तर गोळे होतील," ती म्हणाली. "तुमचं लिहून होऊ द्या. जेवणं झाली की आपण दोघं जाऊ."

मी लिहायला लागलो. "मी खाली सही करणार असे निवेदन करतो की, सदर पोते हे..." इथपर्यंत आलो होतो. तेवढ्यात लपणीच्या दिशेनं झकियाचा आवाज आला. इब्तिसामनं हंस पाहिले होते, पोटभर पाहिले होते, आणि "भागलं हो, भागलं!" असं म्हणाली होती. आता आमच्याकडे आनंद झाला की बाई काय करते? जीभ हलवत, टिपेचा, लांबलचक सूर काढते. लग्नात काढते, बारशाला काढते. झकियाचा सूर आमच्या गावात नावाजलेला आहे, तिला लांबून लांबून लग्नांना बोलावतात. तिनं सहा वर्षं साठवलेला सूर काढला. बहिणीनं साथ दिली. सुईणीनं तिसरा लावला.

आणि तळं उठलं. हजारो पंखांचा आवाज म्हणजे काय असतो, ते मला तोवर माहीत नव्हतं. खोलीच्या खिडकीची काच वाजली. मी धावत बाहेर आलो. करड्या हंसांच्या रांगांवर रांगा डोक्यावरून डोंगरापलीकडे चालल्या होत्या. मी झुडपांकडे वळून ओरडलो, "दूजा! वर बघ! वर!"

दूजानं नेमकं तेव्हाच वाफेचं भांडं उतरवून परातीत उपडं केलं होतं आणि दोन्ही हातांनी कुसकुस मोकळं करत होती. चेहऱ्याभोवती नुसती वाफ. तिनं मनगटानं डोळे पुसले, पुन्हा पुसले आणि वर पाहिलं तेव्हा आकाश रिकामं होतं.

"गेले का?" तिनं विचारलं.

"गेले."

"बरं," ती म्हणाली. "वाढायला घेते. भुकेजले असतील सगळे."

त्या "बरं"नं माझं जेवण गेलं. म्हणजे दोन ताटल्या जेवलो मी, खोटं कशाला सांगू, पण चव लागली नाही. सगळे कुसकुसचं कौतुक करत होते. झकियानं सुनेचे हात सोडले होते आणि ती पोरगी मनसोक्त नाक खाजवत होती. सुईणीच्या नवऱ्यानं मला विचारलं, "प्रमुख, तुम्हाला किती दिसले?" मी दुसरी ताटली वाढून घेतली.

निघताना मी हसूनाला बाजूला घेतलं. "परत येतील का ते?"

"सांगता येत नाही. दक्षिणेचा वारा सुटला तर थांबणार नाहीत. दिवस भरत आलेत." मग त्यानं माझा जबाब तपासला आणि म्हणाला, "यावरची सही साक्षांकित करून आणा. तोवर तुमचं ओळखपत्र इथं राहील."

अर्ध्या वाटेवर मला उमगलं. सही साक्षांकित करायला ओळखपत्र लागतं. ओळखपत्र सोडवायला साक्षांकित सही लागते. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण एकतीस वर्षं तो मी अभिमानानं पाळला होता. मी गाडीत हसायला लागलो. शेजारी दूजा मांडीवर रिकामं पातेलं धरून खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी फटफटायच्या आधी मी उठलो. आधी अंगणात जाऊन बोट ओलं करून धरलं. वारा नव्हता. आत आलो तर दूजा जागी.

"कुठं निघालात?"

"ओळखपत्राचं बघतो काहीतरी. हातापाया पडतो त्याच्या."

"मी येऊ?"

चौतीस वर्षांच्या संसारानंतर माझ्या बायकोनं मला तिच्याच तळ्यावर यायची परवानगी मागितली. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "चल लवकर."

ती सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली. "काही घेऊ नकोस," मी म्हणालो. "भाकरी नको, चहा नको." ती तशीच उभी राहिली. रिकाम्या हातांचं काय करायचं तिला कळेना. शेवटी तिनं ते शालीत घातले. गाडी मी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. आमच्या गाडीचं इंजिन सुरू होताना झकियाच्या घरातली भांडी वाजतात.

हसूना फाटकावर चहा पीत होता. त्यानं माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेबांना सांगून देतो तुमचं कार्ड परत. पण ते आहे कपाटात आणि किल्ली साहेबांकडे. साहेब नऊला येतात. तोवर थांबावं लागेल." मग त्यानं वही पुढं केली. "दोघंच ना? मग परवाना नको. नावं लिहा आणि जा आत."

दोन माणसांना परवाना लागत नाही. मी नऊ दिवस शिक्क्यांसाठी पळत होतो. मुकाट्यानं दोन नावं लिहिली. आधी तिचं लिहिलं.

लपणीपर्यंत चालत गेलो तेव्हा उजाडत होतं. आणि हंस होते! दलदलीतल्या गवतात, पार लांबपर्यंत, चरत, कुरबुरत, एकमेकांना ढोसत. दूजा दगडावर बसली. मी घाईघाईनं पुस्तक काढलं, तर तिनं हात आडवा केला. "राहू द्या ते."

बराच वेळ ती नुसती बघत बसली. मग बोटानं दाखवत म्हणाली, "त्या तीन जैतुनाच्या झाडांपुढं आमचं जवाचं शेत असायचं. हे मेले रोज पहाटे उतरायचे त्यात. अब्बांनी हंसांचं काम मला दिलं होतं. पाच वर्षांची असल्यापासून. डबा वाजवायचा आणि धावायचं. कडाक्याच्या थंडीत, अनवाणी. मला वाटायचं, किती सुंदर आहेत हे, एकदा नुसतं बसून बघू द्या मला यांना. पण बसले की अब्बा हाक मारायचे." तिनं बोट खाली घेतलं. "लग्न झालं तेव्हा वाटलं, आता बसून बघेन."

मी चौतीस वर्षं समजत होतो की तिला हंस आठवतात म्हणून बघायचेत. मला खरोखर रडू आलं. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. डाव्या बाजूनं नाहीतरी काही दिसत नव्हतंच, आता उजवीकडूनही दिसेना. "दूजा," मी म्हणालो, "चुकलंच माझं."

"बसा हो गप," ती म्हणाली आणि थोडं सरकून तिनं मला दगडावर जागा करून दिली.

साहेब नऊला आले नाहीत. दहालाही आले नाहीत. सरकारी माणूस उशिरा आला म्हणून मी त्याला दुवा दिल्याची ही पहिलीच वेळ. आयुष्यभर मी लोकांना ताटकळत ठेवलं, आणि ताटकळण्यात एवढं सुख असू शकतं याची मला कल्पना नव्हती. अकराच्या सुमाराला हसूनानं लांबून माझं ओळखपत्र हवेत हलवून दाखवलं. मी त्याला पाहिलंच नाही असं केलं. बारा वाजता तो स्वतः येऊन ते माझ्या हातात ठेवून गेला, पाय न वाजवता.

गल्लीत शिरलो तेव्हा दीड वाजला होता. झकिया आमच्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर झाकलेली ताटली. सकाळपासून तीनदा येऊन गेली होती म्हणे. कालच्या दिवसाबद्दल तिनं दूजासाठी स्वतःच्या हातानं बदामाची मिठाई केली होती.

"कुठं गेला होतात गं दोघं? सांगून जायची काही पद्धत?"

दूजा आजवर झकियाला काही न सांगता राहिलेली नाही. मी म्हटलं, आता सगळं सांगणार, आणि पुढच्या वर्षी आपण बावीस जण असणार.

"माहेरी गेले होते," दूजा म्हणाली.

ताटली हातात घेऊन झकिया उठली. मग हळूच म्हणाली, "अगं, पण तिथं आता कोण आहे तुझं?"

"होते की सगळे," दूजानं तिच्या हातातली ताटली घेतली. "उद्या निघायचेत."